सांदवाडीतली लांब बरबटी: दाण्यापासून कढईपर्यंत

पुण्या-मुंबईकडे जिला चवळीची शेंग म्हणतात तिला आमच्या वर्धा जिल्ह्यात बरबटी म्हणतात. बाजारात येते ती बहुतेक वीतभर लांबीची, बुटक्या झाडावरची. मी सांगतेय ती हिचीच बहीण, पण वेलावर चढणारी. हिची शेंग हातभर वाढते. दीड फूट तर सहज होते, काही वाणांत दोन-अडीच फूटही. शास्त्रीय नावात तिच्यासाठी 'सेस्क्विपेडॅलिस' असा शब्द आहे आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थच दीड फुटी असा आहे.

गेली सात वर्षं मी ही बरबटी घरामागच्या सांदवाडीत लावते. बारा वेल आणि एक मांडव, बस. पोळ्यापासून दिवाळीच्या तोंडापर्यंत भाजीसाठी कुणाकडे बघावं लागत नाही. आमच्या गावात ज्यांची दहा-दहा एकर कपाशी आहे त्यांच्याही घरी भाजी आठवडी बाजारातून येते, आणि भर पावसाळ्यात त्या बाजारात जे मिळतं ते आधीच कोमेजलेलं आणि वर महाग. घरामागे चार हात जागा गवताला सोडलेली असताना हे मला बघवत नाही. म्हणून ज्यांनी आजवर कधी वेल लावला नाही त्यांच्यासाठी हे सगळं पहिल्यापासून लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळीकडे तीच येणार आहे. नवीन माणूस या शेंगेच्या लांबीवर भाळतो. आणखी दोन दिवस ठेवू, आणखी वाढेल, असं म्हणत शेंग वेलावरच ठेवतो. तसं करू नका. कोवळी शेंग तोडत गेलात तर वेल दोन-अडीच महिने देत राहतो. दाणा भरू दिलात तर त्याची सगळी ताकद त्या दाण्यात जाते आणि नवीन फूल यायचं कमी होतं.

बी

दुकानात जाऊन नुसतं 'बरबटीचं बी द्या' म्हटलं की बुटक्या झाडाचं बी हातात पडतं. पहिल्या वर्षी माझ्या बाबतीत हेच झालं. तालुक्याच्या एका दुकानातून बी आणलं, सात फूट उंच मांडव घातला आणि झाडं गुडघ्यापर्यंत येऊन थांबली. म्हणून 'वेलाची, लांब शेंगेची' असं स्पष्ट सांगा आणि पाकिटावर तसं लिहिलेलं आहे का ते वाचा. केरळात ही शेंग रोजच्या जेवणातली आहे, तिथे तिला पयर म्हणतात. त्यामुळे चांगले वाणही तिकडचे आहेत: केरळ कृषी विद्यापीठाचे 'लोला' आणि 'वेल्लायणी ज्योतिका'. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचा 'अर्का मंगला' हाही वेलाचाच, लांब शेंगेचा. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात ही नावं सांगून विचारता येतं.

पाकिटावर 'संकरित' लिहिलं असेल तर पीक चांगलं येईल, पण त्याचं धरलेलं बी पुढच्या वर्षी तसंच उतरणार नाही. दरवर्षी पैसे घालायचे नसतील तर सुधारित किंवा गावरान बी घ्या. गावात कुणाच्या कुंपणावर लांब शेंगेचा जुना वेल असेल तर त्यांच्याकडून मूठभर दाणे मागून आणा, त्याच्यासारखं बी नाही. घरासाठी तीस-चाळीस दाणे भरपूर झाले.

शेंगेचा रंग पाहून निवडायची असेल तर फिकट हिरवी शेंग जाड आणि मऊ असते, लवकर शिजते. गडद हिरवी बारीक आणि भरीव असते, परतली तरी तिचा गाळ होत नाही. मला गडद आवडते, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फिकट.

कधी लावायची, कुठे लावायची

फरसबी आणि ही बरबटी दिसायला मावसबहिणी, पण स्वभाव वेगळा. फरसबी मूळची अमेरिका खंडातली, तिला गारवा लागतो. चवळीचं मूळ आफ्रिकेत, आणि तिच्यातून या लांब शेंगेचे वेल आग्नेय आशियात निवडत निवडत तयार झाले. म्हणून श्रावण-भाद्रपदातला चिकचिकीत उकाडा, ज्यात आपला जीव नकोसा होतो, तो तिला मानवतो. आमचा मे महिना मात्र तिलाही झेपत नाही. पारा 45 च्या पुढे आणि रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या, अशा वेळी पाणी कितीही दिलं तरी फूल गळतं. एका वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी लावून पाहिलं होतं. एप्रिल सरता सरता चार तोडे मिळाले, पुढे महिनाभर नुसता पाला. विहिरीला पाणी असेल त्याने हा प्रयोग करावा, पहिल्यांदा लावणाऱ्याने पावसाळाच धरावा.

मृग 7 जूनच्या आसपास लागतो, पण पहिल्या सरीवर भाळून बी टाकू नका. आमच्याकडे दोन सरी पडून पंधरा दिवस ऊन पडतं हे कपाशीवाल्यांना मी सांगायला नको. खुरप्याने उकरल्यावर वीतभर ओल लागली की पेरा. बहुतेक वर्षी तो जूनचा तिसरा आठवडा असतो. तिथून साधारण 45 ते 50 दिवसांत फूल आणि 55 ते 60 दिवसांत पहिली शेंग. हिशेब केलात तर पोळ्याच्या आगेमागे तोडा सुरू होतो, आणि महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांत एक तरी भाजी घरच्या वेलाची पडते. माझ्यासाठी वर्षातली ती सर्वांत समाधानाची भाजी.

जागा उन्हाची हवी, दिवसाला सहा तास तरी. कडुलिंबाच्या नाहीतर बाभळीच्या सावलीत लावलात तर वेल नुसता उंच पळेल. आणि आमची काळी माती पाणी धरून ठेवते, तेव्हा सपाट जागेवर लावूच नका. बरबटीला ओल चालते, मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही. बारा फूट लांब, दोन फूट रुंद आणि फूटभर उंच असा वरंबा ओढा. त्यात पाच घमेली चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. खत हातात घेतल्यावर मातीसारखा वास यायला हवा. शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे, त्याच्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते. वरंबा उत्तर-दक्षिण काढलात तर वेलाच्या दोन्ही बाजूंना ऊन मिळतं.

मांडव आधी, दाणा नंतर

वेल वर आल्यावर मांडव घालू, असं म्हणणाऱ्यांचे वेल जमिनीवर लोळतात, कारण त्याच आठवड्यात पेरणी, निंदण, डवरणी सगळं एकदम येतं. दाणे टाकण्याआधी मांडव उभा करा.

चार बांबू किंवा बल्ल्या, जमिनीत दीड फूट आणि वर साडेसहा-सात फूट. याहून उंच नको. वेल नऊ-दहा फूट जातो हे खरं, पण वरून वळून खाली लोंबला तरी शेंगा धरतो, आणि तुमचा हात पोचणार नाही तिथल्या शेंगा जून होऊन वाया जातात. वरून एक आणि खालून एक अशा दोन आडव्या तारा ताणा. दोन्ही तारांच्या मध्ये फूट-फूट अंतरावर उभी दोरी बांधा. ही दोरी नायलॉनची घ्या. मी दुसऱ्या वर्षी सुतळी बांधली होती. अडीच महिने पाऊस खाऊन ती आतून कुजली आणि ऐन महालक्ष्म्यांच्या आठवड्यात वाऱ्याच्या एका झोतात अर्धा मांडव खाली आला. शेंगांनी लगडलेला वेल ओला असताना किती जड होतो ते त्या दिवशी कळलं. बल्ल्यांना दोन्ही टोकांनी तारेचा ताण देऊन खुंटीला बांधायलाही विसरू नका.

पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या, घरात पडून असतात, त्या मांडवाला पुरत नाहीत पण लहान वेलाला दोरीपर्यंत न्यायला फार उपयोगाच्या. प्रत्येक रोपाजवळ एक तुऱ्हाटी तिरपी खोचा.

पेरणी आणि पहिले वीस दिवस

दाणे रात्रभर भिजवायची गरज नाही. ओल्या काळ्या मातीत भिजवलेला दाणा फुगून सडतो. रायझोबियमचं पाकीट मिळालं तर (चवळीच्या गटाचं मागा) गुळाच्या पाण्यात चमचाभर कालवून दाण्यांना चोळा आणि सावलीत सुकवा. नाही मिळालं तर तसेच पेरा, आमच्या जमिनीत हे जिवाणू बहुधा असतातच. पुढे एखादं रोप उपटावं लागलं तर मुळं पाहा. बारीक गाठी दिसतील. नखाने फोडल्यावर आत गुलाबी निघाली तर ती गाठ हवेतला नत्र धरते आहे असं समजा.

बोटाच्या एका पेराएवढं खोल, फूट-फूट अंतरावर, एका जागी दोन दाणे. खोल टाकू नका. जोराचा पाऊस पडून ऊन पडलं की काळ्या मातीवर पापडी धरते आणि खालचा कोंब मान मोडून बसतो. पापडी दिसली तर हातानेच हलकेच फोडा. चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब वर येतात.

त्यानंतरचे दहा दिवस राखणीचे. कोंबड्या उकरतात, साळुंक्या दलं तोडतात. बाभळीच्या काटेरी फांद्या वरंब्यावर पसरून ठेवा. याहून मोठा त्रास वाण्यांचा, म्हणजे त्या लाल-काळ्या, हात लावला की गोल गुंडाळी करणाऱ्या, असंख्य पायांच्या किड्यांचा. सुरुवातीच्या पावसात त्या ढिगाने निघतात आणि कोवळं खोड मुळाशी कुरतडतात. संध्याकाळी वरंब्याच्या कडेला ओल्या गवताचे लहान ढीग ठेवा, सकाळी त्याखाली वाण्या आणि गोगलगायी गोळा झालेल्या मिळतात. मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाका. आठवडाभर केलं की पुरे.

तिसऱ्या आठवड्यात एका जागचं कमजोर रोप कात्रीने कापा. उपटू नका, दुसऱ्याची मुळं हलतात.

आता वेल शेंडा हलवत आधार शोधायला लागतो. याला काकडीसारखे धरायचे ताणे नसतात, शेंडा स्वतःच दोरीभोवती वळत जातो. तो ज्या बाजूने वळतो त्याच बाजूने गुंडाळा. उलटा गुंडाळलात तर दुसऱ्या दिवशी सुटून खाली पडलेला दिसेल. सकाळी शेंडा ताठ असतो, पटकन मोडतो. दुपारी उन्हात थोडा नरम पडतो, तेव्हा वळवा.

पाणी, खत आणि पिवळं पान

पावसाचा खंड आठ दिवसांच्या वर गेला तर पाणी द्या, फुलावर असताना तर द्याच. बाकी पाऊस बघून घेईल. खताचा मोह नको. कपाशीला आणलेला युरिया घरात असतो आणि हात तिकडे जातो. नत्र जास्त झाला की वेल काळाभोर हिरवा होतो, पानं तळव्याएवढी, आणि शेंग एक नाही. फूल दिसू लागल्यावर प्रत्येक वेलाला दोन मुठी गांडूळखत नाहीतर मुरलेलं शेणखत घालून माती चढवा, त्याला तेवढं पुरतं.

नवीन माणूस घाबरतो ते पिवळ्या पानाला. खालची जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील तर काळजीचं काही नाही. शेंड्याकडची नवीन पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर वेलाला लोह मिळत नाहीये. चुनखडीच्या काळ्या जमिनीत, सततच्या पावसात हे होतं. आधी साचलेलं पाणी काढून द्या. मग 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस टाकून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. आणि पानावर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची नक्षी, पान आकसलेलं, फोडफोड आलेलं असेल तर तो मोझॅक नावाचा विषाणूचा रोग आहे. त्याला औषध नाही. तो वेल मुळासकट काढून जाळा, हळहळू नका.

मुंग्या, मावा, अळी

वेलावर मुंग्या दिसल्या की लोक भुकटी घेऊन धावतात. थोडं थांबा. शेंग जिथून निघते त्या दांड्यावर बारीक गोडसर थेंब सुटतात आणि मुंग्या त्यासाठीच येतात. त्या एकट्या असतील तर वेलाचं काही बिघडत नाही. शेंडा आणि कोवळी शेंग उलटून पाहा. काळ्या मोहरीसारखे दाणे चिकटलेले दिसले तर तो मावा. हाच मोझॅक पसरवतो, म्हणून याला थारा देऊ नका. सुरुवातीला बोटांनी चिरडून, पाण्याचा जोराचा फवारा मारूनच आटोपतं. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे दिसले तर त्यांना राहू द्या, ते मावा खातात.

वाढला तर 5 टक्के निंबोळी अर्क. पावसाळ्यात कडुलिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवा. 50 ग्रॅम कुटून 1 लिटर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी फडक्याने गाळून साबणाचा चिमूटभर चुरा घाला. सकाळी नाही, संध्याकाळी फवारा. बरबटीचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, तेवढ्या वेळात मधमाश्या येऊन जातात. त्यांच्या अंगावर काही उडवायचं नाही. आणि आधी तोडण्याजोग्या सगळ्या शेंगा काढून घ्या, नाहीतर शेंगेला कडवटपणा राहतो.

फुलं एकमेकांना जाळ्याने चिकटलेली दिसली किंवा शेंगेला भोक आणि तोंडाशी ओला भुसा दिसला तर आत शेंग पोखरणारी अळी आहे. असे गुच्छ तोडून मातीत गाडा. घरच्या बारा वेलांना रोज सकाळी पाच मिनिटं फेरी मारली तर याहून जास्त लागत नाही. रासायनिक औषध मी मारत नाही, कारण ही शेंग दिवसाआड तोडायची असते आणि औषध मारून थांबायचे दिवस त्यात बसतच नाहीत.

वानरांवर माझ्याकडे उपाय नाही, राखणच करावी लागते. रोही, म्हणजे नीलगायी येत असतील तर कुंपण हवंच.

तोडा

इथे घाई करू नका, हे नीट वाचा.

दांड्याच्या टोकाला फुलं बहुतेक जोडीने येतात. सकाळी फिकट जांभळी उमललेली, दुपारी पिवळट होऊन मिटलेली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथून सुईसारखी शेंग बाहेर पडते आणि मग ती रोज अशी वाढते की काल पाहिलेली शेंग आज ओळखू येत नाही. फुलापासून दहा-बारा दिवसांत ती तोडायला येते. जाडी पेन्सिलीपेक्षा थोडी कमी, अंग गुळगुळीत, आत दाण्याचा उंचवटा दिसत नाही, वाकवली तर कट्कन मोडते. हीच वेळ. शेंगेवर गाठी-गाठी दिसू लागल्या, ती स्पंजासारखी पोकळ, मऊ लागू लागली म्हणजे उशीर झाला.

तोडताना शेंग ओढू नका. पहिल्या तोड्याला मी शेंग धरून खसकन ओढत होते आणि दांड्यासकट हातात येत होती. शेजारच्या आजी कुंपणापलीकडून बघत होत्या. म्हणाल्या, "सूनबाई, दांडा नोको तोडू. त्याच्यातच उद्याची शेंग हाये."

मग त्यांनी आत येऊन दाखवलं. दांड्याच्या टोकाला, दोन शेंगांच्या मधोमध, मोहरीएवढ्या हिरव्या कळ्यांचा बारीक झुपका असतो. बघायचं ठाऊक नसेल तर तो वाळका देठ वाटतो. शेंगा काढल्या की त्याच झुपक्यातून पुन्हा दोन फुलं येतात. डाव्या हाताने दांडा धरायचा, उजव्या हाताच्या अंगठ्याने शेंग तिच्या मानेपाशी दाबून जराशी पिरगाळायची, ती अलगद सुटते. एका दांड्यावर मी तीन-तीन वेळा शेंगा काढल्या आहेत. दांडा तोडलात तर त्या पुढच्या सगळ्या गेल्या.

दिवसाआड तोडा. गावाला जायचं असेल तर शेजारी सांगून जा, त्यांना म्हणा तोडा आणि खा. आठ दिवस वेल न तोडता ठेवलात तर परत आल्यावर जून शेंगांची झालर मिळेल आणि नवीन फूल दिसायला पुन्हा दोन आठवडे जातील. पानं सुकल्यावर, म्हणजे सकाळी नऊ-दहानंतर तोडावं. ओल्या वेलात हात घातला की रोग एका वेलावरून दुसऱ्यावर जातो. भरात असताना माझ्या बारा वेलांचा एका वेळचा तोडा अर्धा-पाऊण किलो निघतो, पाच माणसांची एक भाजी.

कढईत

या शेंगेला पाण्यात उकडू नका. फरसबी उकडली तरी गोड लागते, ही मात्र पाणी पिऊन फुळकवणी, लिबलिबीत होते. हिला तेल आणि आच लागते.

शेंगा आधी धुवा, फडक्याने कोरड्या पुसा आणि मगच चिरा. आठ-दहा शेंगा एकत्र जुडीसारख्या धरून विळीवर इंच-इंच तुकडे केले की अर्धा किलो पाच मिनिटांत होतात. कोवळ्या शेंगेला दोर निघत नाहीत, दोन टोकं तेवढी काढायची.

लोखंडी कढईत तीन मोठे चमचे तेल चांगलं तापू द्या. शेंगांचे तुकडे आधी, एकटे, मोठ्या आचेवर. झाकण नाही, मीठ नाही. मीठ आधी घातलं की पाणी सुटतं आणि परतायचं राहून ती वाफवली जाते. पाच-सहा मिनिटं हलवत राहा. आधी रंग एकदम हिरवागार होतो, मग तडतड आवाज येतो, साल सुरकुतते आणि इथे-तिथे तपकिरी डाग पडतात. हे डाग पडायलाच हवेत, चव त्यातच आहे. तुकडे बाजूला सारा, मध्ये जिरं, ठेचलेल्या लसणाच्या दहा पाकळ्या आणि एक बारीक चिरलेला कांदा घाला. कांदा गुलाबी झाला की आच मंद करून हळद, तिखट, मीठ. भिवापुरी मिरचीचं तिखट आणि वायगावची हळद घरात असेल तर दुसरा कोणता मसाला शोधू नका. आता झाकण, झाकणावर पाणी, चार-पाच मिनिटं. तुकडा बोटांत दाबला की दबला पाहिजे पण फुटता कामा नये. शेवटी तीन चमचे शेंगदाण्याचा जाडसर कूट आणि वरून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर खा. डब्याला न्यायची असेल तर कुटाऐवजी भाजलेल्या जवसाची पूड घाला, भाजी कोरडी राहते आणि वास तर असा येतो की शेजारचा डबा उघडणारा विचारतोच.

माणसं जास्त आणि शेंगा कमी असतील तर बेसन पेरा. वरच्यासारखंच परतून, मीठ-तिखट घातल्यावर अर्धी वाटी भाजलेलं बेसन हाताने भुरभुरायचं, वर पाण्याचा एक हबका आणि दोन वाफा. बेसन शेंगेला चिकटून रवाळ झालं पाहिजे, गोळे नकोत.

रस्सा करायचा तर वांग्याबरोबर करा, आलूपेक्षा वांगं हिच्याशी जास्त जमतं. कांदा, सुकं खोबरं, खसखस, धणे भाजून वाटायचं, तेलात तेल सुटेपर्यंत परतायचं, टमाटर, तिखट, मग वांगी आणि गरम पाणी. बरबटी आधी वेगळी परतून ठेवायची आणि वांगी अर्धी शिजल्यावर घालायची. सगळं एकदम टाकलं की पुन्हा तीच लिबलिबीत गत.

हातून निसटलेल्या जून शेंगा फेकू नका. साल पिवळट, मऊ झाली असेल तर सोलून ओले दाणे काढा. त्यांची आलं-लसणाची पातळ उसळ मटाराच्या तोंडात मारेल अशी होते, आणि पंधरा-वीस मिनिटांत शिजते. शेंडे फार वाढून मांडवाबाहेर गेले तर तीही कोवळी पानं खुडून मुगाच्या डाळीत घाला. चवळीच्या पानांची भाजी ती हीच.

तोडा जास्त आला आणि घरात खपला नाही तर ओल्या फडक्यात गुंडाळून तीन-चार दिवस फ्रिजमध्ये राहतो, पुढे शेंगेवर तांबूस डाग येतात. ऑक्टोबरच्या उन्हात मी वाळवणही करते. तुकडे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून काढायचे, निथळून जाळीच्या पलंगावर पातळ कापडाखाली वाळवायचे, खुळखुळ वाजले की डब्यात. एप्रिलमध्ये बाजारात काही नसतं तेव्हा गरम पाण्यात अर्धा तास भिजवून कांद्यावर परतले की गवारीच्या वाळवणासारखेच कामी येतात.

बी धरणं

सगळ्यांत जोमदार, रोग न आलेला, लवकर धरलेला एक वेल निवडा आणि सप्टेंबरच्या शेवटी त्याच्यावर लाल चिंधी बांधा, म्हणजे घरातलं कुणी त्याच्या शेंगा तोडणार नाही. एका वेलाच्या दहा-बारा शेंगा बियाण्याला पुरतात. बाकीचे वेल खायलाच. बरबटीचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे वाण टिकतो. तरी बुटकी बरबटी लावायची असेल तर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लावा.

शेंग वेलावरच पिवळी, मग मातकट होऊन कागदासारखी वाजायला लागली की काढा. परतीचा पाऊस येतोय असं दिसलं तर थोडी आधीच काढून घरात टांगा. ओल लागली की दाणे शेंगेतच कोंब काढतात. सोलून तीन-चार दिवस उन्हात घाला, दाताने चावला तर दाणा फुटला पाहिजे, दबता कामा नये. यात भुंगा हमखास होतो, त्याची अंडी शेतातूनच आलेली असतात. म्हणून चाळलेल्या कोरड्या राखेत दाणे घोळून काचेच्या बरणीत गच्च झाकणाने ठेवा, किंवा फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यात चार दिवस ठेवून मग बरणीत भरा. बरणीवर वाणाचं नाव आणि वर्ष लिहून चिकटवा.

पुढच्या मृगाच्या आठ दिवस आधी बरणी उघडा. दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ताटलीत ठेवा, फडकं सुकू देऊ नका. पाचव्या दिवशी मोजा. आठ किंवा जास्त फुटले असतील तर एका जागी दोन दाणे टाका. पाच-सहाच फुटले तर एका जागी तीन-तीन, आणि त्याहून कमी असतील तर शेजारी विचारा, कुणाच्या तरी बरणीत असतंच.